सध्या काय वाचता?

बुलढाण्याच्या डेप्युटी कमिशनरांच्या कचेरीत हेडक्लार्क असलेल्या बापूजी हरी शिंदे यांच्या कन्येने, म्हणजे ताराबाई शिंदे यांनी, लिहिलेले ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे छोटेखानी पुस्तक १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापले गेले. प्रती निघाल्या पाचशे आणि किंमत ठेवण्यात आली नऊ आणे. आदल्या वर्षी सुरतेकडील विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल प्रथम फाशीची शिक्षा झाली होती आणि ती पुढे अपिलात सौम्य करण्यात आली होती. त्या खटल्याचे निमित्त करून वर्तमानपत्रांतून समग्र स्त्रीजातीच्या नीतिमत्तेवर जे ताशेरे ओढले जात होते, त्यांनी व्यथित आणि संतप्त होऊन, वऱ्हाडातल्या एका लहानशा जिल्ह्याच्या गावी बसून, एका स्त्रीने साऱ्या पुरुषवर्गाला असा रोकडा जाब विचारला की, जे दुर्गुण तुम्ही आमच्या माथी मारता ते तुमच्या अंगी आमच्याहून कमी आहेत काय?

पुस्तक निघाल्यावर त्याच्यावर टीका झाली, आणि ती सत्यशोधक विचारांच्या वर्तुळातूनही झाली. तेव्हा महात्मा जोतीराव फुले यांनी १८८५ साली आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकाच्या दुसऱ्या अंकात ताराबाईंचा पक्ष घेतला आणि त्यांच्या लेखनाचा आशय किती यथार्थ आहे हे टीकाकारांना बजावून सांगितले. एका पुस्तकाला एका थोर वाचकाकडून मिळालेली ही जाहीर शिफारस होती. त्यानंतर मात्र ताराबाईंचे नाव मराठी वाचकांच्या स्मरणातून हळूहळू पुसले गेले. त्यांच्या नावावर दुसरे पुस्तक आढळत नाही, आणि हे एकमेव पुस्तकही कपाटांच्या अंधारात पडून राहिले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून वाचकांसमोर ठेवले, तेव्हा कोठे त्याचा दुसरा जन्म झाला. पुढे १९९४ साली रोझालिंड ओहॅन्लन यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद सिद्ध केला, आणि आज हिंदुस्थानातील स्त्रियांच्या विचाराचा इतिहास लिहिणाऱ्या कोणत्याही अभ्यासकाला त्याला वगळून पुढे जाता येत नाही.

१८८२ आणि १९७५ यांच्यामध्ये त्र्याण्णव वर्षांचे अंतर आहे. या त्र्याण्णव वर्षांत त्या पुस्तकातील युक्तिवाद निर्जीव झाला नव्हता, भाषेचे तेज उणावले नव्हते, आणि ज्या अन्यायांविरुद्ध ते लिहिले गेले ते अन्यायही सरले नव्हते. ज्याने पुस्तक वाचले त्याने ते दुसऱ्याला सांगितले नाही, दुसऱ्याने तिसऱ्याला दिले नाही, आणि पाचशे प्रतींची ती शिदोरी कोठे सांडली, कोठे वाळवीच्या स्वाधीन झाली, याची दाद कोणी घेतली नाही. एवढे कारण एका जिवंत पुस्तकाला मृतवत करण्यास पुरे झाले. आपण सध्या काय वाचत आहोत आणि आपल्याला काय आवडले हे दुसऱ्यास सांगणे हा फावल्या वेळचा गप्पांचा विषय आहे, असे जे मानतात, त्यांनी बुलढाण्याच्या या एका उदाहरणाचा विचार करावा. ग्रंथ लिहिणे हे लेखकाचे काम, छापणे हे प्रकाशकाचे. परंतु छापलेला ग्रंथ जिवंत ठेवणे हे वाचकाचे काम आहे, आणि ते दुसऱ्या कोणावर सोपवता येत नाही.

याच बुलढाणा जिल्ह्याच्या भूमीशी निगडित असलेला एक फार प्राचीन दाखलाही येथे आठवतो. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी ज्या ज्या स्थळी हिंडले त्यांत लोणारचाही समावेश आहे, आणि तेथील त्यांच्या वास्तव्याच्या आठवणी ‘लीळाचरित्रा’त नोंदलेल्या आहेत. हा मराठी गद्याचा आद्य महाग्रंथ रचताना म्हाइंभटांनी एका जागी बसून कल्पना लढवली नाही. ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले आणि ऐकले होते, त्यांच्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पारखून त्यांनी एकेक लीळा टिपून घेतली. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, आणि ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांनी ती आपापल्या स्मरणातून पुन्हा उभी केली, म्हणूनच तिचे निरनिराळे पाठ आढळतात, असे महानुभाव परंपरा सांगते. एका परंपरेतल्या लोकांनी एकमेकांशी आपल्या ग्रंथाविषयी सतत बोलत राहावे, म्हणजे पोथी हरवली तरी ग्रंथ हरवत नाही, हा त्यातला बोध आहे. लोणारचे सरोवर पाहण्यास जाणाऱ्या सुशिक्षित प्रवाशाने ते ज्या उल्कापाताने घडले त्याची माहिती जशी आवर्जून मिळवावी, तसे ‘लीळाचरित्रा’तील लोणारचे प्रसंगही एकदा वाचून जावे, त्या काठावर सातशे वर्षांपूर्वी बोलली गेलेली मराठी किती सुटसुटीत आणि किती सुबोध होती याचा प्रत्यय त्याला तेथेच येईल.

याच जिल्ह्यातील शेगावी तर सामूहिक वाचनाची एक पद्धती आजही डोळ्यांनी पाहता येते. श्रीगजानन महाराजांचे ओवीबद्ध चरित्र दासगणू महाराजांनी ‘श्रीगजानन विजय’ या नावाने रचले, त्याचे एकवीस अध्याय आहेत, आणि त्याची पारायणे केवळ शेगावात किंवा वऱ्हाडातच नव्हे, तर जेथे जेथे मराठी कुटुंबे गेली तेथे तेथे होत असतात. कोणी एका बैठकीत समग्र ग्रंथ वाचतो, कोणी तीन दिवसांत, कोणी सात दिवसांत. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत विचारणीय आहे ते चक्री पारायण. एकवीस जण एकत्र येऊन संकल्प करतात. प्रत्येकाने रोज एक अध्याय वाचायचा, आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने पुढच्या अध्यायावर जायचे. यामुळे रोज सर्वांचे मिळून एक संपूर्ण पारायण होते, आणि एकवीस दिवस पुरे झाले म्हणजे प्रत्येकाच्या हातून व्यक्तिशः समग्र ग्रंथ वाचून होतो. ज्या गृहिणीला घरकामातून तासभरही सलग बसता येत नाही, ज्या शेतकऱ्याला पेरणीच्या दिवसांत उसंत नाही, त्यांनाही रोजचा एक अध्याय जड जात नाही. आणि आपला अध्याय राहिला तर वीस जणांचे पारायण खंडित होईल, या जाणिवेने कोणी सहसा चुकत नाही.

भाविकाच्या पारायणामागे श्रद्धा असते आणि ललित किंवा वैचारिक ग्रंथाच्या वाचनामागे रुची व जिज्ञासा असते, हा भेद मला मान्य आहे, आणि तो पुसून टाकण्याचा माझा हेतू नाही. परंतु वाचनाला मुदत असावी, सोबती असावेत, आणि आपल्या वाचनाची जबाबदारी दुसऱ्याच्या वाचनाशी बांधलेली असावी, हे व्यवस्थेचे तीन नियम ज्या समाजाने आपल्या अनुभवातून शोधून काढले, त्या समाजाला वाचनाची सवय नाही असे म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. सवय आहे, शिस्तही आहे. तिचा विस्तार अन्य ग्रंथांपर्यंत करावयाचा तेवढा राहिला आहे.

शिफारस नेहमी छापील पानावरूनच होते असेही नाही. कवी ना. घ. देशपांडे यांचा जन्म १९०९ साली सिंदखेडराजा येथे झाला आणि त्यांनी आयुष्य घालवले ते मेहकरला, वकिली करीत. त्यांचा ‘शीळ’ हा पहिला कवितासंग्रह निघाला १९५४ साली; परंतु त्या संग्रहाला ज्या कवितेचे नाव मिळाले ती कविता त्यापूर्वी वीसएक वर्षे गायक जी. एन. जोशी यांच्या आवाजात ध्वनिमुद्रिकेवर घुमली होती आणि गावोगाव लोकांच्या ओठांवर खेळत होती. म्हणजे मेहकरच्या या संकोची, प्रसिद्धिपराङ्मुख कवीची ओळख महाराष्ट्राला प्रथम पुस्तकाने दिली नाही, एका गायकाच्या आवडीने दिली. त्या गायकाला एक कविता मनापासून भावली, त्याने ती स्वतःच्या गळ्यातून लोकांपुढे ठेवली, आणि कवीला वाचक मिळाले. पुढे ‘खूणगाठी’ या त्यांच्या संग्रहाला १९८६ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. ज्याला कविता वाचण्याचा कंटाळा आहे अशा मित्राला ना. घं.चा संग्रह नुसता हातात देऊ नये. त्यातील एखादी कविता त्याला मोठ्याने म्हणून दाखवावी. नादाने भरलेली कविता कानावाटे जितक्या सहज मनात उतरते तितकी डोळ्यांवाटे उतरत नाही.

चिखलीचे पंढरीनाथ सीताराम पाटील यांचे कार्य वेगळ्या प्रकारचे. १९२७ साली, जोतीराव फुले यांच्या जन्माला शंभर वर्षे होत असताना, त्यांनी जोतीरावांचे चरित्र लिहून प्रसिद्ध केले. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या सुप्रसिद्ध चरित्राच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे. ज्या जोतीरावांनी बुलढाण्याच्या एका लेखिकेचा कैवार घेतला होता, त्यांचे चरित्र महाराष्ट्रापुढे ठेवण्याचे काम त्याच जिल्ह्यातील एका लेखकाने करावे, या योगायोगात मला एक न्याय दिसतो. ज्यांना आज फुले वाचावयाचे आहेत त्यांनी आधुनिक चरित्रे जरूर वाचावीत. पण जोतीरावांच्या मृत्यूनंतर चार दशकेही लोटली नव्हती तेव्हा, ग्रामीण वऱ्हाडात त्यांच्याविषयी काय बोलले व मानले जात होते, हे जाणण्यासाठी पाटलांचे पुस्तक ग्रंथालयातून मागवून चाळावे.

आता वर्तमानाकडे वळू. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग लोकव्यवहारात मानले जातात. मुंबई-नागपूर लोहमार्ग घाटाखालून, मलकापूर, नांदुरा, शेगाव यांच्या वाटेने जातो. घाटावरच्या चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांची भिस्त मात्र मोटार-रस्त्यांवर राहिली. मोठ्या शहरांतील पुस्तकांच्या दुकानांपासून दूर असलेल्या या घाटावरच्या मुलखाने गेल्या पंचवीस वर्षांत मराठी कादंबरीला दोन असे ग्रंथ दिले की, त्यांची गणना त्या कालखंडातील महत्त्वाच्या कृतींत करावी लागते.

पहिला ग्रंथ सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’. चिखली तालुक्यातील अमडापूरच्या या लेखकाची ही कादंबरी २००२ साली प्रसिद्ध झाली आणि २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. उच्च शिक्षण घेऊनही नोकरी न मिळाल्यामुळे पुन्हा शेतीकडे वळलेला एकनाथ, त्याचे आईवडील, त्याची पत्नी आणि भाऊ यांच्या द्वारा या कादंबरीत कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातील वर्षभराची कुचंबणा अतिशय सूक्ष्मपणे उलगडते. शेतीमालाचे भाव, बियाणे, कर्ज, पाऊस या गोष्टी वर्तमानपत्रांतून आपण आकड्यांच्या रूपाने वाचतो. त्याच गोष्टी जेवणाच्या ताटापर्यंत, नवरा-बायकोच्या अबोल्यापर्यंत आणि बापलेकांच्या भांडणापर्यंत कशा पोचतात हे ‘बारोमास’ वाचल्याविना समजत नाही. शेतीच्या प्रश्नावर मते देणाऱ्या प्रत्येक शहरी गृहस्थाला मी हे पुस्तक सुचवतो. त्याचबरोबर हेही सांगतो की, ही कादंबरी दीर्घ आहे, तिची गती शेतीच्या हंगामांची आहे, आणि ज्याला घडामोडींची घाई असेल त्याने सुरुवातीची काही पाने धीराने वाचावीत.

दुसरा ग्रंथ रमेश इंगळे उत्रादकर यांची २००५ सालची ‘निशाणी डावा अंगठा’. प्रौढ साक्षरतेच्या सरकारी मोहिमेचे काम गुरुजींच्या गळ्यात पडते, सर्वेक्षणाचे तक्ते भरले जातात, वर्ग कागदावर भरतात, परीक्षाही कागदावर होते, आणि दप्तर जसजसे परिपूर्ण होत जाते तसतसा ज्याला अक्षर शिकवायचे तो निरक्षर माणूस नजरेआड होत जातो. वाचनाच्या प्रसाराविषयी कळकळ बाळगणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः शिक्षकांनी आणि अधिकाऱ्यांनी, ही कादंबरी वाचली पाहिजे. तिचा उपहास तीक्ष्ण आहे, पण त्याच्या मुळाशी जी वेदना आहे ती साक्षरतेवरील प्रेमातूनच आलेली आहे. माणसाला वाचते करणे हे हुकमाने आणि तक्त्यांनी साधत नाही, एका माणसाने दुसऱ्या माणसाजवळ बसावे लागते, हा निष्कर्ष मी तिच्यातून घेतला.

येथवर मी जी पुस्तके सुचवली ती सुचवताना एक पद्धत पाळण्याचा प्रयत्न केला आहे, आणि ती पद्धत स्पष्ट शब्दांत मांडणे इष्ट होईल. पुस्तक ‘उत्कृष्ट आहे’, ‘अप्रतिम आहे’, ‘प्रत्येकाने वाचलेच पाहिजे’ अशी विशेषणे उधळून शिफारस सिद्ध होत नाही. ऐकणारा मान डोलावतो आणि विसरतो. शिफारस करणाऱ्याने प्रथम समोरच्या माणसाकडे पाहावे. त्याचे वय, व्यवसाय, फुरसत, आजवरचे वाचन आणि त्याच्या मनात सध्या घोळत असलेले प्रश्न यांचा विचार करून, हे पुस्तक याच्या कोणत्या गरजेला उत्तर देईल ते ठरवावे. जे पुस्तक प्राध्यापकाला भावते ते नुकत्याच दहावी झालेल्या मुलीला त्याच रीतीने भावेल असे नाही. तिला ‘लीळाचरित्र’ देण्यापूर्वी त्यातील दोनचार लीळा सांगाव्या लागतील.

दुसरी गोष्ट, आपल्याला पुस्तकात नेमके काय सापडले ते सांगावे. एखादा प्रसंग, एखादे पात्र, एखादा विचार असा असतो की तो आपल्या मनात घर करून राहतो. तेवढाच सांगितला तरी पुरे. तिसरी गोष्ट, पुस्तकाची अडचण लपवू नये. भाषा जुनी असेल, पृष्ठसंख्या मोठी असेल, आरंभ संथ असेल किंवा विषय मनाला क्लेश देणारा असेल, तर ते आधीच सांगून टाकावे. कारण सावध केलेला वाचक अडचणीच्या जागी थांबत नाही, आणि शिफारस करणाऱ्यावरचा त्याचा विश्वास वाढतो. चौथी गोष्ट, पुस्तक कोठे मिळेल ते सांगावे, आणि शक्य तर स्वतःची प्रत द्यावी. प्रत दिल्यावर तिची नोंद ठेवण्यात संकोच मानू नये. आणि शेवटची गोष्ट, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा विचारावे, तगाद्याच्या सुरात नव्हे, ऐकण्याच्या इच्छेने: वाचलेत का, काय वाटले? आपले मत त्याच्या मताशी जुळले नाही तर अधिक चांगले. कारण एकाच पुस्तकाविषयी दोन प्रामाणिक वाचकांत जो मतभेद होतो त्यातून ते पुस्तक दोघांनाही नव्याने कळते.

‘सध्या काय वाचता?’ या प्रश्नाला उत्तर देतानाही प्रामाणिकपणा लागतो. पुष्कळदा आपण जे खरोखर वाचत असतो ते न सांगता, जे वाचत असावे असे लोकांना वाटावे ते सांगतो. यामुळे दोघांचीही हानी होते. पाकशास्त्राचे पुस्तक, शेतीविषयक मासिक, रहस्यकथा, मुलाच्या शाळेतील पुस्तक, यांपैकी जे हातात असेल ते निःसंकोच सांगावे. माझ्यापुरते सांगायचे तर या दिवसांत मी ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुन्हा वाचीत आहे, आणि तीही घरातल्या मंडळींसमोर मोठ्याने. कारण ताराबाईंचे गद्य बोलते आहे, वाक्यावाक्यात समोरच्याला हाक आहे, आणि मुकाट्याने वाचताना जे धारदारपण थोडे बोथट वाटते ते उच्चारताना पुरते प्रकट होते. ज्या घरात मुलगी आणि मुलगा दोघेही वयात येत आहेत अशा घरासाठी याहून योग्य पुस्तक मला सुचत नाही. काही वाक्यरचना सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या आहेत, विचार प्रवाहाबरोबर भरकटतोही. पण पुस्तक लहान आहे, आणि चार-पाच संध्याकाळांत ते पुरे होते.

वाचकांच्या निवडीला आपल्याकडे जाहीर प्रतिष्ठा देण्याचे प्रयत्न झालेले आहेत, त्यांचे स्मरण येथे उचित होईल. केशवराव कोठावळे यांनी १९६४ साली ‘ललित’ मासिक सुरू केले ते केवळ पुस्तकांविषयीच बोलण्यासाठी, आणि ‘चोखंदळ वाचकांची निवड’ या त्यातील उपक्रमाने सामान्य वाचकाच्या पसंतीला समीक्षकाच्या मताशेजारी स्थान दिले. पुढे सत्तरच्या दशकात दिनकर गांगल आणि त्यांचे सहकारी यांनी ‘ग्रंथाली’ ही वाचक चळवळ उभारली. दया पवार यांचे ‘बलुतं’ वाचकांपर्यंत आणण्याचे श्रेय तिच्याकडे जाते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी २००९ पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेत पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या गटांकडे पाठवण्यास आरंभ केला. एका गटाची पेटी ठरावीक मुदतीनंतर दुसऱ्या गटाकडे जाते, आणि अशा पेट्या परदेशांतील मराठी कुटुंबांपर्यंत पोचल्या. परदेशांतही हीच प्रेरणा दिसते: अमेरिकेत ओप्रा विन्फ्री यांनी १९९६ साली दूरदर्शनवरील आपल्या कार्यक्रमातून एकेक पुस्तक सुचवण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या एका शब्दाने अपरिचित कादंबऱ्या लक्षावधी घरांत जाऊन पोचल्या. आपल्या देशातील ग्रंथालयशास्त्राचे जनक शि. रा. रंगनाथन यांनी तर १९३१ सालीच आपल्या पाच नियमांत प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे असा आशय मांडून ठेवला. पहिला भाग ग्रंथपाल पार पाडू शकतो. दुसऱ्या भागासाठी त्याला वाचकांचे साहाय्य हवे.

महाराष्ट्रात १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्याअन्वये मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात आणि वर्गानुसार सरकारी अनुदान मिळते. तालुक्याच्या गावीच नव्हे, पुष्कळ खेड्यांतही असे एखादे वाचनालय असते. अनुदानाची रक्कम, वर्गणीचा जमाखर्च, दप्तराची तपासणी यांत चालकांची शक्ती खर्च होते, आणि वाचकाला काय हवे हे विचारण्यास वेळ उरत नाही, हे त्यांचे दुःख मी जाणतो. म्हणून वाचकांनी स्वतः पुढे व्हावे. वाचनालयाच्या टेबलावर देवघेवीच्या नोंदवहीशेजारी एक दुसरी वही असावी. पुस्तक परत करणाऱ्याने तीत दोन ओळी लिहाव्यात: हे पुस्तक कोणी वाचावे आणि का वाचावे. वर्षभरात ती वही म्हणजे त्या गावाच्या अभिरुचीचा दस्तऐवज होईल, आणि पुढील खरेदीची यादी करताना चालकांना तिचा उपयोग होईल. शाळेतही हे शक्य आहे. बुलढाण्याच्या भारत विद्यालयाचे ग्रंथपाल आणि लेखक दिवंगत नरेंद्र लांजेवार यांनी मुलांच्या वाचनासाठी जी तळमळ दाखवली तिचे स्मरण ठेवून, जिल्ह्यातील प्रत्येक शाळेने १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन हा एका दिवसाचा समारंभ न मानता, वर्षभर चालणाऱ्या कामाचा पहिला दिवस मानावा.

या सर्व विचारातून मी बुलढाणा जिल्ह्यातील वाचकांपुढे, आणि त्यांच्या निमित्ताने सर्व मराठी वाचकांपुढे, एक निश्चित सूचना ठेवतो. दरवर्षी १२ जानेवारीला जिजाऊ माँसाहेबांच्या जयंतीस सिंदखेडराजा येथे अफाट जनसमुदाय लोटतो, आणि त्या सोहळ्यात पुस्तकांची दुकाने मोठ्या संख्येने लागतात. दूरदूरच्या खेड्यांतून आलेली माणसे दर्शनाबरोबर पुस्तकांची खरेदी करून परत जातात. जेथे ग्रंथखरेदी हा जयंतीच्या यात्रेचाच एक भाग झाला आहे, तेथून आरंभ करणे सोपे आहे. बारा कुटुंबांनी एकत्र यावे. प्रत्येक कुटुंबाने एकच पुस्तक विकत घ्यावे, पण ते आपल्या अंतःकरणाच्या साक्षीने निवडलेले असावे. निवड करताना बारांपैकी निदान तीन पुस्तके आपल्या जिल्ह्यातील लेखकांची असावीत, निदान तीन स्त्रियांनी लिहिलेली असावीत, आणि एखादे मुलांसाठी असावे. दर महिन्याच्या बारा तारखेस पुस्तके पुढच्या घरी जावीत, आणि प्रत्येक पुस्तकाबरोबर एक कोरी वही जावी, जिच्यात त्या घरातील वाचणाऱ्याने आपले मत लिहावे. पुढील जयंती येईतो प्रत्येक घराने बारा पुस्तके वाचलेली असतील आणि प्रत्येक पुस्तकावर बारा घरांची मते जमलेली असतील. चक्री पारायणाची जी रीत शेगावी पाहायला मिळते तिचाच हा विस्तार आहे; त्याला सरकारी मंजुरी लागत नाही, देणगी लागत नाही, आणि एका पुस्तकाच्या आणि एका वहीच्या किमतीहून अधिक खर्चही येत नाही.

अशी बारा-बारा घरांची वर्तुळे घाटावर आणि घाटाखाली, प्रत्येक तालुक्यात, निर्माण झाली, तर त्यांतून मोठे विद्वान निपजतील की नाही याची मला चिंता नाही. मला खात्री एवढ्याचीच आहे की, पुढे कधी या जिल्ह्यातल्या एखाद्या लहानशा गावी बसून कोणी मुलगी अन्यायाविरुद्ध पुस्तक लिहील, तर त्याला वाचक मिळण्यास त्र्याण्णव वर्षे लागणार नाहीत. तिच्या तालुक्यातच ते घरोघर फिरेल, त्यावर वाद होतील, वहीत मते लिहिली जातील, आणि एका वर्षाच्या आत दुसऱ्या आवृत्तीची मागणी होईल. ज्या समाजातील वाचक आपली आवड स्वतःपाशी कोंडून ठेवीत नाहीत, त्या समाजात लेखकाला एकाकी राहावे लागत नाही. आणि म्हणून आवडलेले पुस्तक दुसऱ्याच्या हाती देणे हे, माझ्या मते, साक्षर माणसाचे नागरिक या नात्याने पहिले कर्तव्य आहे.